तळमजल्याची ओल (मराठवाडा)

जमिनीलगतच्या खोलीच्या भिंतीत किंवा फरशीत पाणी मुरून राहणे, त्यामुळे गिलावा फुगणे, रंगाचे पोपडे निघणे, पांढरा खार फुटणे व कुबट वास येणे यास ओल धरणे म्हणतात. मराठवाड्यात वर्षाला सरासरी ७०० ते ८०० मिमी.च्या आसपास पाऊस पडतो, तोही मुख्यतः जून ते सप्टेंबरमध्ये. प्रदेश एरवी कोरडा असल्याने येथील ओलीचा दोष सहसा पावसाला व छताला दिला जातो. तळमजल्यापुरते पाहता हे निदान पुष्कळदा अपुरे ठरते.

बांधणी : जुन्या माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरांच्या भिंती जाड, काळ्या दगडाच्या आणि मातीत रचलेल्या असतात. आतून-बाहेरून दगडाचा थर आणि पोटात गोटे व माती अशी त्यांची रचना असते. हा काळा दगड म्हणजे घट्ट बेसॉल्ट, तो स्वतः फारसे पाणी शोषत नाही. पाणी चढते ते दरजांतून (दगडांमधील सांध्यांतून) आणि पोटातल्या मातीतून. म्हणून विटांच्या भिंतीवर दिसणारी ओलीची सलग आडवी रेषा येथे कमी आढळते, डाग तुटक व वरखाली असतात. वाड्यांची घडीव दगडांची उंच जोती (भिंतींखालचे चौथरे) ओल अडवण्यासाठी होती की प्रतिष्ठेसाठी, याची दोन्ही स्पष्टीकरणे दिली जातात. अनेक ठिकाणी घडीव दगड जोत्यापाशीच थांबतो आणि वर विटा किंवा माती सुरू होते. ही गोष्ट पहिल्या स्पष्टीकरणास अधिक अनुकूल वाटते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत दगड-मातीची बांधणी मागे पडून सिमेंटचे ठोकळे व काँक्रीट वाढले.

वर चढणारी ओल : जमिनीतील पाणी बारीक छिद्रांतून केशाकर्षणाने वर चढते. छिद्राची त्रिज्या ०.०१ मिमी. असेल, तर हिशेबाने ही उंची सुमारे दीड मीटर येते. प्रत्यक्षात भिंतीच्या पृष्ठभागावरून बाष्पीभवन होत असल्याने ओल बहुधा मीटरभराच्या आतच थांबते. या प्रकाराचे प्रमाण किती, यावर विशेषतः ब्रिटनमध्ये दीर्घकाळ वाद आहे. अशी ओल फार विरळ असून बाहेर वाढलेली जमीन, गळते नळ किंवा दवच (थंड पृष्ठभागावर पाणी होऊन धरणारे हवेतील बाष्प) तिच्या नावाने खपवले जाते, असे एका पक्षाचे म्हणणे आहे. पाण्यात उभ्या केलेल्या विटांच्या खांबांत पाणी फारसे चढत नाही, असे प्रयोगही त्यासाठी पुढे केले जातात. दुसऱ्या पक्षाच्या मते निकाल विटेपेक्षा सांध्यातील चुना, माती वा सिमेंट यांवर अवलंबून असतो. मराठवाड्यातील मातीच्या सांध्यांच्या भिंतींना हे दुसरे मत अधिक लागू पडते. तरीही पहिल्या पक्षाचा एक आक्षेप मान्य करावा लागतो : विजेच्या रोधावर चालणारे ओलमापक खारामुळेही ओल दाखवते, त्यामुळे केवळ त्या आकड्यावरून ओलरोधक द्रव्य भरण्यासाठी भिंतीला भोके पाडणे योग्य नाही.

खार : गावठाणाच्या पांढरीत (जुन्या वस्तीखालच्या पांढुरक्या मातीत) पिढ्यान्‌पिढ्या राख, शेण व जनावरांचे मूत्र मुरलेले असते. जमिनीतील जीवाणू त्यातील नत्राचे नायट्रेटांत रूपांतर करतात आणि पाण्याबरोबर हे क्षार भिंतीत येतात. नायट्रेटे व क्लोराइडे हवेतील बाष्प ओढून घेतात. साधे मीठही सुमारे ७५ टक्के आर्द्रतेपुढे पाझरू लागते. म्हणून पूर्वीच्या गोठ्याची खोली केली, की जुलैत भिंत ओली दिसते आणि मार्चमध्ये सुकते, छत धड असले तरी. कूपनलिकेचे खारे पाणी बांधकामाला वापरल्यास नव्या घरातही हाच त्रास होतो. काँक्रीटविषयीच्या भारतीय मानक ४५६ (सन २०००) प्रमाणे सळईच्या काँक्रीटसाठी लागणाऱ्या पाण्यात क्लोराइडे लिटरमागे ५०० मिग्रॅ.पेक्षा जास्त नसावीत.

साठवलेले पाणी व इतर कारणे : नळाला काही दिवसांआड पाणी येत असल्याने घरोघरी जमिनीखालचे हौद व टाक्या असतात. पुष्कळदा त्या खोलीच्या भिंतीलाच लागून बांधलेल्या असतात. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा टंचाईच्या प्रदेशात ओलीचे मूळ घरातल्या साठ्यात असू शकते, हे सहज लक्षात येत नाही. काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. त्या हालचालीने हौदाला तडे जातात, मोरीचे सांधे निखळतात. जुन्या रस्त्यावर सिमेंटचा नवा थर येत गेल्यानेही जोते जमिनीच्या पातळीला येते. पावसाळ्याच्या तोंडाशी शहाबादी फरशीला घाम येतो, तो मात्र दवाचा प्रकार होय. हवा ३० अंश सेल्सिअस व आर्द्रता ८० टक्के असेल, तर २६ अंशांखालच्या फरशीवर पाणी धरते.

निदान : काळ हा पहिला पुरावा. भर मे महिन्यात ओल असेल, तर आधी नळ, मोरी व हौद तपासावेत. रात्री सर्व तोट्या बंद करून हौदाची पातळी खुणेने पाहावी. संशयित जागी हातभर प्लॅस्टिक कडा चिकटवून दिवस-दोन दिवस ठेवावे : थेंब खोलीकडच्या बाजूस धरले तर ते दव, आतल्या बाजूस धरले तर पाणी भिंतीतून येते. निश्चितीसाठी वेगवेगळ्या उंचीवरचा चुरा काढून, तोलून, वाळवून पुन्हा तोलतात.

उपाय : आधी गळती बुजवावी. मग बाहेरची माती उतरवून जोते किमान ४५ सेंमी. उघडे करावे आणि भिंतीपासून दूर ढाळ द्यावा. रस्त्यामुळे ते शक्य नसल्यास भिंतीलगत गिट्टीचा चर काढतात. नव्या बांधकामात जोत्यावर काँक्रीट व डांबराचा ओलरोधक थर देणे सर्वांत स्वस्त पडते. जुन्या भिंतीत भोके पाडून सिलिकॉन जातीचे द्रव्य भरण्याची पद्धत विटांसाठी ठीक आहे. माती भरलेल्या दगडी भिंतीत मात्र द्रव्य सलग पसरत नाही.

गवंडी हमखास सुचवतात तो सिमेंटचा गिलावा मातीच्या भिंतीवर टाळावा. त्याने बाष्पीभवन अडते आणि पाणी गिलाव्याच्या वरच्या कडेपर्यंत चढते. भिंतीला टाइल लावल्यानेही तेच होते. खारावलेला गिलावा डागाच्या वर हातभर उंचीपर्यंत काढून, भिंत उघडी वाळू देऊन नंतर चुन्याचा गिलावा करावा. वाळण्यास महिन्याला सुमारे २५ मिमी. जाडी असा ढोबळ हिशेब धरतात. म्हणजे ४५ सेंमी. जाडीच्या भिंतीला दीड वर्ष लागू शकते. या काळात फुटणारा खार कोरड्या कुंच्याने झाडून घराबाहेर टाकावा. पाण्याने धुतल्यास तो पुन्हा भिंतीत मुरतो.