गायतोंडे यांच्या चित्राची फ्रेम करून घेण्यापूर्वी: ग्राहकांसाठी माहिती

आधुनिक भारतीय चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या प्रदर्शनांची पोस्टर्स आणि अधिकृत मुद्रिते फ्रेम करण्यासाठी आमच्याकडे येतात, तेव्हा या चित्रांत नेमके काय पाहायचे आणि जगात त्यांना एवढे मोल का, असे बरेच ग्राहक विचारतात.

गायतोंडे यांचा जन्म 1924 साली नागपुरात, मूळच्या गोव्यातील कुटुंबात झाला. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेची पदविका त्यांनी 1948 मध्ये घेतली आणि पुढे ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या मुंबईतील आधुनिक चित्रकारांच्या गटात सामील झाले. आरंभीच्या चित्रांवर भारतीय लघुचित्रांची आणि नंतर युरोपीय आधुनिक चित्रकार पॉल क्ले यांच्या रेषेची छाप स्पष्ट दिसते. मात्र 1950 च्या दशकाच्या अखेरीस, झेन या ध्यानप्रधान बौद्ध विचाराच्या ओढीने, त्यांनी आकृती जवळजवळ पूर्णपणे सोडली आणि रोलर व पॅलेट नाइफ (रंग लावण्याची पातळ सुरी) वापरून रंगाचे थर चढवण्याची, ते खरवडून पुन्हा चढवण्याची स्वतःची रीत घडवली. या संथ कामामुळे त्यांची चित्रे संख्येने मोजकीच राहिली.

रंगांच्या मोठ्या पट्ट्यांची आकृतीविरहित चित्रे करणारे अमेरिकन चित्रकार मार्क रॉथको यांच्याशी त्यांची तुलना नेहमी होते. ती आम्हांला अपुरी वाटते. रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते 1964 मध्ये न्यूयॉर्कला गेले खरे, पण आकृतीविरहित चित्रांची त्यांची वाट त्याआधीच मुंबईत ठरली होती, आणि 1957 मध्येच टोकियोतील तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले होते. न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहातील त्यांचे चित्रही 1962 सालचे, म्हणजे त्या प्रवासापूर्वीचे आहे. 1971 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

2001 मध्ये त्यांचे निधन झाले. न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने 2014 मध्ये त्यांच्या समग्र कामाचे प्रदर्शन भरवले आणि पुढच्या वर्षी ते व्हेनिसलाही गेले. 2013 मध्ये मुंबईतील लिलावात त्यांच्या एका चित्राला 23 कोटींहून अधिक किंमत आली, म्हणून अनेकांना त्यांचे नाव किमतीमुळेच ठाऊक झाले. जाणकारांनी मात्र त्यांना कितीतरी आधी ओळखले होते.

फ्रेमविषयी आमचा आग्रह एवढाच, की 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धानंतर त्यांनी उभ्या आकाराचीच चित्रे केली, तेव्हा भिंतीच्या सोयीसाठी ती आडवी कापून घेऊ नयेत. थरांमधले बारीक फरक दिसावेत म्हणून चकाकी न येणारी काच आणि रुंद, फिकट माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची किनार) घ्यावे. थेट ऊन पडणारी जागा टाळावी. भारतीय कायद्यानुसार चित्रकाराच्या निधनानंतर 60 वर्षे स्वामित्वहक्क राहतो, त्यामुळे पुस्तकातील किंवा मोबाइलमधील छायाचित्रावरून आम्ही त्यांच्या चित्राचे मुद्रित काढून देत नाही. आपण आणलेल्या अधिकृत प्रतीचीच फ्रेम करून देतो.