कान पास, निरोप नापास

झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या कानात मऊ रबरी टोक बसवतात, त्यातून टिकटिक आत सोडतात. निरोगी कान उत्तर म्हणून स्वतःच एक अगदी क्षीण आवाज बाहेर टाकतो. मशीनने तो टिपला की पडद्यावर 'पास'. ही ओएई चाचणी. पण काही बाळं ती पास होतात आणि वर्षाची होत आली तरी कुकरच्या शिट्टीला दचकत नाहीत.

याचं कारण आतल्या कानाच्या शंखाकृती नळीत आहे. तिथे दोन तऱ्हेच्या केशपेशी असतात. बाहेरच्या रांगांतल्या सुमारे 12,000 पेशी आवाज वाढवतात. ओएईत टिपतात तो प्रतिसाद त्यांचा. मेंदूला निरोप धाडतात त्या आतल्या एकाच रांगेतल्या साधारण साडेतीन हजार. आवाजाने त्या हलल्या की आत कॅल्शियम शिरतं आणि ग्लुटामेट या निरोप्या रसायनाच्या सूक्ष्म पुड्या श्रवणनसेच्या टोकावर रित्या होतात. कॅल्शियम आल्याचं ओळखून पुडी फोडायची, ही कामगिरी ओटोफर्लिन या प्रथिनाची. आई-वडील दोघांकडूनही त्याचं बिघडलेलं जनुक आलं, की पेशी जागेवर, नसही शाबूत, पण निरोपच निघत नाही.

जनुकोपचाराला, म्हणजे बिघडलेल्या जनुकाची चांगली प्रत पेशीत पोचवण्याला, यापेक्षा सोयीचा बहिरेपणा मिळणं कठीण. अडचण एकच होती, सामानाच्या आकाराची. जनुक पोचवायला एएव्ही नावाचा निरुपद्रवी विषाणू वापरतात. त्यात जेमतेम पाच हजार जनुकीय अक्षरं मावतात आणि ओटोफर्लिनचा मजकूर सहा हजारांचा. स्कूटरवर सोफा न्यायचा तर दोन खेपा कराव्या लागणार! म्हणून जनुकाचे दोन तुकडे दोन विषाणूंत भरतात; पेशीत ते जोडले जातात. शस्त्रक्रियेत सर्जन मधल्या कानातून पोचून, आतल्या कानाच्या 'गोल खिडकी' नावाच्या छिद्रावरल्या पातळ पडद्यातून औषधाचा थेंब आत सोडतो.

शांघायच्या फुदान विद्यापीठाच्या रुग्णालयात सहा मुलांवर हा प्रयोग झाला. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जानेवारी 2024 मध्ये निष्कर्ष आले: पाच जणांना ऐकू येऊ लागलं. पुढे 2025 मध्ये चीन आणि स्वीडनच्या संशोधकांनी 1 ते 24 वर्षांच्या दहा जणांची माहिती दिली. उपचाराआधी सरासरी 106 डेसिबलखालचं काहीच ऐकू येत नव्हतं, सहा महिन्यांत ती पातळी 52 वर आली. साधं बोलणं साठच्या आसपास असतं. म्हणजे गप्पा ऐकू येतील, कुजबुज नाही. मला तरी हे थोडं वाटत नाही.

आता हुरळून न जाण्याची बाजू. जन्मजात आनुवंशिक बहिरेपणात ओटोफर्लिनचा वाटा शेकड्यात फार तर आठ. भारतात जास्त आढळतो तो जीजेबी2 जनुकाचा दोष. त्याचं दुखणं वेगळ्याच पेशींत. वयाने किंवा डीजेच्या भिंतींनी मेलेल्या केशपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत, तिथे दुरुस्त जनुक देणार कोणाला? त्यामुळे आजोबांचं श्रवणयंत्र इतक्यात कपाटात जाणार नाही.

आणि उपचार उद्या गावोगावी आला, तरी ही मुलं आधी सापडायला हवीत. ओएई त्यांना पकडत नाही. त्यासाठी बेरा टेस्ट लागते: डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवून आवाज नसेतून मेंदूकडे निघाला का, ते पाहतात. ओएई पास असूनही मूल हाकेला वळत नसेल, तर 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणणाऱ्या आत्याचं न ऐकता बेरा करून घ्यावी.