पॅरिश कौन्सिल कुणाची? गावाची की चर्चची?

वसईत कुणासमोर ‘पॅरिश कौन्सिल’ म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे चर्चची समिती येणार. इंग्लंडच्या खेड्यात मात्र ती पाटी गावकारभाराची असते. तिथली पॅरिश कौन्सिल म्हणजे साधारण आपली ग्रामपंचायत. धर्माशी तिचा संबंध नाही. चर्चची समिती निराळी, तिचं नाव पॅरोकियल चर्च कौन्सिल, बोलताना पीसीसी.

हा घोळ उगाच झालेला नाही. पूर्वी दोन्हींचा कारभार ‘व्हेस्ट्री’ नावाची एकच सभा बघायची. चर्चमध्ये पाद्रीबाबांचे झगे ठेवायची खोली, तिचंच नाव सभेला पडलं. चर्चच्या गळक्या छपरापासून गावच्या रस्त्यांपर्यंत सगळं तिथेच ठरे. 1894 च्या कायद्याने गावकी वेगळी आणि देवस्थान वेगळं केलं, ‘पॅरिश’ हा शब्द मात्र दोघांकडेही राहिला. (लग्न झालेल्या बायकांनाही या कौन्सिलांसाठी मत देता येऊ लागलं ते त्याच कायद्याने. पार्लमेंटसाठी त्यांना 1918 पर्यंत थांबावं लागलं.)

आज ओळखायचं कसं? मी तरी पैसा कुठून येतो ते बघेन. पॅरिश कौन्सिलचा हिस्सा प्रत्येक घराच्या कौन्सिल टॅक्सच्या बिलात चढतो. चर्चला जा, मशिदीत जा, नाहीतर कुठेच जाऊ नका. त्यातून मुलांचं मैदान, बसथांब्याची शेड, बाकं, भाजीपाला लावायला भाड्याने द्यायचे जमिनीचे तुकडे असली कामं होतात. घरबांधणीच्या अर्जावर ती मत कळवते, पण निर्णय वरच्या कौन्सिलचा. गावात यावरून भांडणं होतात ती बहुतेक हे न कळल्यामुळेच. पीसीसीला कर लावता येत नाही. रविवारची दानपेटी, देणग्या, उन्हाळी जत्रेतले घरचे केक यांवर तिचं भागतं, आणि त्यातूनच सातआठशे वर्षांच्या इमारतीचं छप्पर शाकारायचं.

सगळ्यात मजेशीर गुंता स्मशानात आहे. चर्चभोवतीची दफनभूमी भरली, सरकारी हुकमाने बंद झाली, की पीसीसी लेखी कळवून तिची देखभाल पॅरिश कौन्सिलच्या गळ्यात घालू शकते. जमीन चर्चचीच, पण थडग्यांमधलं गवत कापायचा आणि कलती भिंत सावरायचा खर्च करातून. मनोऱ्यावरच्या घड्याळाचंही तसंच: मनोरा चर्चचा, पण सार्वजनिक घड्याळावर खर्च करायची मुभा पॅरिश कौन्सिलला 1957 च्या कायद्याने दिली आहे. म्हणजे घड्याळ बंद पडलं तर तक्रार कुणाकडे करायची हे आधी विचारून घेतलेलं बरं.

आता समजा, पुण्याचं एखादं कुटुंब नोकरीनिमित्त अशा गावात राहायला गेलं. तिथे राहण्याची परवानगी असलेल्या भारतीय नागरिकाला राष्ट्रकुलाच्या नात्याने स्थानिक मतदारयादीत नाव घालता येतं. त्यामुळे पॅरिश कौन्सिलसाठी मत देता येतं, हे ठीकच. पण चर्चवॉर्डन, म्हणजे चर्चचे विश्वासू कारभारी, निवडायच्या वार्षिक सभेतही या यादीतल्या गावकऱ्याला मत आहे, मग तो घरी गणपती का बसवत असेना. जुन्या व्हेस्ट्रीचं एवढं शेपूट शिल्लक राहिलंय. ही सभा आणि चर्चची स्वतःची वार्षिक सभा पुष्कळदा लागोपाठ होतात. दुसरीत पीसीसी निवडतात, आणि तिथे मत फक्त चर्चच्या यादीवरच्यांना. म्हणजे पहिल्या सभेत वर केलेला हात दुसरीत खालीच ठेवायचा.