लेन्स्की यांचा दीर्घकालीन उत्क्रांती प्रयोग

ई. कोलाय या जिवाणूचे एकाच पूर्वजापासून निघालेले १२ गट वेगवेगळ्या चंबूंत वर्षानुवर्षे वाढवून उत्क्रांती डोळ्यांदेखत पाहण्याचा प्रयोग. रिचर्ड लेन्स्की यांनी तो २४ फेब्रुवारी १९८८ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत सुरू केला. पुढे तो मिशिगन स्टेट विद्यापीठात गेला. २०२२ पासून तो ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठात जेफ्री बॅरिक यांच्याकडे आहे.

पद्धत विरजणाचीच. रोज आदल्या दिवसाच्या द्रावणाचा शंभरावा भाग ताज्या द्रावणात घालायचा आणि चंबू ३७ अंश सेल्सिअसला हलता ठेवायचा. शंभरपट वाढ व्हायला जिवाणूंना दिवसाकाठी साडेसहाहून थोड्या अधिक पिढ्या लागतात. द्रावणात ग्लुकोज मुद्दामच तुटपुंजे असते. ते लवकर संपते आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत उपास. दर ५०० पिढ्यांनी, म्हणजे साधारण अडीच महिन्यांनी, प्रत्येक गटाचा नमुना उणे ८० अंशांवर गोठवतात. हे जिवाणू वितळवले की पुन्हा जिवंत होतात, त्यामुळे पणजोबा आणि पणतू यांची एकाच चंबूत शर्यत लावता येते. जीवाश्मांच्या अभ्यासकाला हेवा वाटावा अशी ही सोय. अशा शर्यतींतून दिसले की बाराही गटांचा वाढीचा वेग सुरुवातीला झपाट्याने आणि नंतर सावकाश वाढत गेला, पण थांबला नाही.

२००३ मध्ये एक चंबू अचानक जास्तच गढूळ दिसला. प्रथम शंका आली ती बाहेरचा जिवाणू शिरल्याची. तपासाअंती तो मूळच्याच वंशातला निघाला: द्रावणात पहिल्या दिवसापासून असलेले सायट्रेट (लिंबातल्या सायट्रिक आम्लाचे रूप) तो खाऊ लागला होता. ऑक्सिजन असताना ई. कोलायला एरवी हे जमत नाही. सुमारे ३१,५०० पिढ्यांनंतर हे घडले. लेन्स्की यांचे सहकारी झॅकरी ब्लाउंट यांनी याच गटाचे जुने नमुने वितळवून इतिहास पुन्हा पुन्हा चालवून पाहिला. हा गुण पुन्हा उगवला तो सुमारे २०,००० पिढ्यांनंतरच्या नमुन्यांतून, त्याआधीच्यांतून नाही. म्हणजे नशिबाचा फासा पडण्याआधी वंशात पूर्वतयारी झालेली होती. सायट्रेट आत घेणारे जनुक पेशीत आधीपासूनच होते, फक्त ऑक्सिजन असताना बंद राहत असे. त्याची एक जादा प्रत ऑक्सिजनमध्येही चालू राहणाऱ्या नियंत्रकाशेजारी (जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्याशेजारी) जाऊन बसली आणि दार उघडले. उरलेल्या ११ गटांना हे ६०,००० पिढ्या उलटूनही साधलेले नव्हते.