कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियम: दुसरी डबी घेण्याआधी

इंदूरच्या रामबाग आणि आसपासच्या आमच्या ग्राहकांसाठी, औषध दुकानातर्फे

हल्ली काउंटरवर हा संवाद वरचेवर होतो. काकू कॅल्शियमची स्ट्रिप पुढे करतात, मग मोबाइल दाखवतात. "यात लिहिलंय, कॅल्शियमच्या निम्मं मॅग्नेशियम घेतलंच पाहिजे, नाहीतर कॅल्शियम नसांत साचतं. दे बरं एक डबी." डबी विकणं हा आमचा धंदाच आहे, नाही कसं म्हणणार! तरी देण्याआधी आम्ही चार प्रश्न विचारतो, आणि मागे रांग असली की ते अर्धेच राहतात. म्हणून हे पत्रक.

"दोनास एक" हे प्रमाण खूप फिरतं, पण गोळ्यांचा डोस त्यावरून ठरवावा इतका ठोस आधार त्याला नाही. दोन्हींची गरज वेगवेगळी मोजायची असते. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, पाळी गेलेल्या स्त्रियांना 1200. मॅग्नेशियम 350 ते 450च्या दरम्यान, पुरुषांना थोडं जास्त. आणि हे आकडे दिवसभराच्या खाण्यापिण्यासकट आहेत, एकट्या गोळीचे नाहीत. बहुतेकांची चूक इथेच होते: घरात दूध, दही, पनीर सगळं चालू असतं आणि वर गोळीनेही पूर्ण हजार भरायचे असतात.

खरा संबंध कुठे आहे

दोन्ही खनिजांचं नातं आहे, पण ते वेगळ्या जागी. रक्तातलं कॅल्शियम खाली आलं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी एक संप्रेरक सोडतात आणि पातळी वर आणतात. शरीरात मॅग्नेशियम फारच कमी झालं तर या ग्रंथी मंदावतात. मग कॅल्शियमच्या गोळ्या कितीही घ्या, रिपोर्टमधला आकडा हलत नाही. आधी मॅग्नेशियम भरावं लागतं, मग कॅल्शियम आपोआप सावरतं. व्हिटॅमिन डीला कामाला लावण्यासाठीही मॅग्नेशियम लागतं.

अशी कमतरता कोणाला होते? धडधाकट, नीट जेवणाऱ्या माणसाला क्वचित. पण रोज सकाळी उपाशीपोटी "गॅसची गोळी" घेणारे आपल्याकडे घरोघरी आहेत. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल या जातीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर काही जणांचं मॅग्नेशियम उतरतं. अमेरिकेच्या औषध नियामकांनी 2011 मध्येच तसा इशारा दिला आहे. लघवी वाढवणारी काही औषधं, जुना मधुमेह, लांबलेले जुलाब आणि दारू ही आणखी कारणं. यातलं काही तुम्हाला लागू असेल आणि हातापायांना मुंग्या, पेटके, धडधड असा त्रास असेल, तर डबी घेण्याआधी डॉक्टरांना विचारून रक्तातलं मॅग्नेशियम तपासून घ्या. कधीकाळी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली गॅसची गोळी तीन वर्षं चालू असेल, तर तेही त्यांना सांगा. पर्चा जुना झाला म्हणून गोळी आपोआप बंद होत नाही!

स्ट्रिपवरचा मोठा आकडा फसवा असतो

स्ट्रिपवर "कॅल्शियम कार्बोनेट 1250 मिग्रॅ" लिहिलेलं असतं. त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम 500. कार्बोनेटमध्ये वजनाच्या 40 टक्के कॅल्शियम, तर सायट्रेटमध्ये साधारण 21 टक्केच. म्हणजे 1000 मिलिग्रॅम सायट्रेटच्या गोळीतून जेमतेम 210 मिळतं. मॅग्नेशियमचंही तसंच. ऑक्साइडमध्ये 60 टक्के मॅग्नेशियम असतं, पण ते अंगी कमी लागतं आणि पोट ढिलं करतं. ग्लायसिनेटमध्ये 14 टक्क्यांच्या आसपास, मात्र पोटाला ते सहसा सोसतं. म्हणून बारीक अक्षरातली "एलिमेंटल" (म्हणजे गोळीत प्रत्यक्ष खनिज किती) ही ओळ वाचा. चष्मा विसरलात तर आम्ही वाचून दाखवू.

कार्बोनेटला पोटातलं आम्ल लागतं, तेव्हा ते जेवणाबरोबर घ्यायचं. सायट्रेट कधीही चालतं, आणि गॅसची गोळी चालू असणाऱ्यांना तेच बरं पडतं. डॉक्टरांशी बोलून बदलता येतं. एका वेळी 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम आतडी नीट शोषत नाहीत, त्यामुळे "कॅल्शियमच्या दोन्ही गोळ्या एकदमच घेऊन टाकते" यात गोळी वाया जाते.

स्वयंपाकघरातला हिशेब

200 मिलिलिटर दुधाच्या ग्लासात साधारण 240 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. दोन ग्लास दूध आणि जेवणात वाटीभर दही झालं की निम्म्याहून जास्त काम झालं. संक्रांतीचे तीळ आपण दोन दिवस खातो आणि डबा वर ठेवून देतो. एरवीही भाजीवर, चटणीत चमचाभर टाकायला हरकत नाही. रागीचं पीठ इथे सहज मिळतं. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या आसपास कॅल्शियम, आणि मॅग्नेशियमही भरपूर.

मॅग्नेशियम मुख्यतः कोंड्यात, बियांत, डाळींत आणि हिरव्या पानांत असतं. गव्हाचा मैदा झाला की त्यातलं चौथ्या हिश्श्याच्या आसपासच उरतं. त्यामुळे दाल-बाफल्याचं जाडं पीठ बेकरीच्या टोस्टपेक्षा कितीतरी सरस (तुपाबद्दल आम्ही काही बोलत नाही). भोपळ्याच्या बिया, बदाम, शेंगदाणे, हरभरे मूठभर रोज खाल्ले तरी फरक पडतो. एका ग्राहकांनी विचारलं, शेव बेसनाची, मग पोह्यांवर शेव घेतली तर मॅग्नेशियम मिळेलच ना? मिळेल. पण मीठही मिळेल, आणि जास्त मिठामुळे लघवीवाटे कॅल्शियम जास्त जातं. इंदूरमध्ये शेव सोडा असं सांगायची आमची हिंमत नाही. मूठ जरा लहान करा, एवढंच.

मुतखडा

दुधातल्या कॅल्शियमला मुतखड्याचे रोगी उगीच घाबरतात. जेवणातलं कॅल्शियम खडे बनवणाऱ्या ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवतं, म्हणजे उलट मदतच करतं. गोळ्यांची गोष्ट मात्र निराळी. अमेरिकेत 36 हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात (निष्कर्ष 2006) कॅल्शियम आणि डीच्या गोळ्या घेणाऱ्या गटात मुतखड्याचं प्रमाण 17 टक्के जास्त निघालं. पूर्वी खडा झालेला असेल तर गोळी डॉक्टरांना विचारूनच.

वेळा सांभाळा

थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर हवं. मॅग्नेशियम आणि लोह यांनाही हाच नियम. सकाळी उठल्यावर थायरॉइड, दुपारच्या जेवणाबरोबर कॅल्शियम, रात्रीच्या जेवणानंतर मॅग्नेशियम, असं बसवलं की विसरायला होत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिन अशी अँटिबायोटिक चालू असतील तर दोन्ही खनिजं त्यांना पकडून ठेवतात आणि औषध लागू पडत नाही. तेव्हा आम्हाला विचारून अंतर ठेवा. कोर्स छोटा असेल तर तेवढे दिवस गोळ्या थांबवता येतील का, हे डॉक्टर सांगतील. हाडांसाठीची अलेंड्रोनेट उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर किमान अर्धा तास काहीच नाही, कॅल्शियमही नाही. घरात कोणी गरोदर असेल तर लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र देऊ नका.

आता ज्याची आम्हाला सगळ्यात काळजी वाटते ते. व्हिटॅमिन डीचं 60,000 युनिटचं पाउच सहसा आठवड्यातून एकदा घ्यायला लिहितात. चुकून रोज घेतलं जातं, वर कॅल्शियम चालूच असतं. सतत तहान, बद्धकोष्ठ, मळमळ, वारंवार लघवी, गोंधळल्यासारखं होणं, असं दिसलं तर सगळं थांबवून लगेच डॉक्टर गाठा.

किडनीचा आजार असलेल्यांनी मॅग्नेशियम स्वतःहून अजिबात घेऊ नये. जास्तीचं मॅग्नेशियम किडनीच बाहेर टाकते. ती थकलेली असली की ते रक्तात साचतं आणि रक्तदाब, श्वास, हृदयाचे ठोके यांवर येतं. पोट साफ करायचं पांढरं मिल्क ऑफ मॅग्नेशिया आणि ॲसिडिटीची बरीचशी पातळ औषधं यांतही मॅग्नेशियम असतं, ते मोजायला विसरू नका.

राहता राहिले रात्री पोटरीत येणारे गोळे. यासाठी मॅग्नेशियमला मोठी मागणी आहे. वयस्कर मंडळींवर जे अभ्यास झाले त्यांत मात्र त्याचा ठळक फायदा दिसलेला नाही. झोपण्याआधी पोटऱ्या ताणायचा व्यायाम करून पाहा, त्याला पैसे लागत नाहीत.

पुढच्या वेळी येताना घरातल्या सगळ्या चालू गोळ्यांच्या स्ट्रिप एका पिशवीत घालून आणा, मल्टिव्हिटॅमिन आणि मुलाने बाहेरून पाठवलेल्या डब्यासुद्धा. एलिमेंटल आकड्यांची बेरीज आणि वेळांचा कागद करून देऊ; तो डॉक्टरांना दाखवता येईल. दुपारी गर्दी कमी असते, तेव्हा आलात तर निवांत बोलता येईल.