भुलाबाईचा डबा आणि मावशीचे बैल

परवा आमच्या घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड येऊन पडला. ‘घरात छोट्या मूर्ती जमवा, डोपामिन वाढेल, दुःख पळेल.’ खाली लाफिंग बुद्ध्याचं तोंड कोणत्या दिशेला हवं याचं मार्गदर्शन, आणि त्याखाली अर्थातच विकत घ्यायची लिंक. एरवी हसून सोडून दिलं असतं. पण नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या मावशीच्या शोकेसमध्ये एकतीस लाकडी बैल आहेत. त्यातले बहुतेक काका डायलिसिसवर होते त्या दोन वर्षांतले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, विदर्भातली लेकरं चाकांवरचे बैल ओढत घरोघरी बोजारा (खाऊ-पैसे) मागत फिरतात, तेच हे बैल. बाजारात ते वर्षातून काहीच दिवस दिसतात. मावशी मात्र बारा महिने शोधायची: भंगाराच्या दुकानात, सुताराकडे, ओळखीच्यांच्या माळ्यावर. एकाचा डावा कान तुटलेला, शिंगांवरचा सोनेरी रंग उडून आतलं पिवळट लाकूड दिसतं. “हा काहून घेतला?” म्हणून विचारलं, तर म्हणाली, “असा माझ्याजवळ नव्हता न!”

या ‘नव्हता न’मध्ये बरंच विज्ञान आहे. मात्र फॉरवर्डवालं नाही. डोपामिन हे ‘आनंदाचं रसायन’ आहे हा समज आता इतका रुजलाय की खोडणं अवघड. मिशिगन विद्यापीठातले मेंदूशास्त्रज्ञ केंट बेरिज यांनी मेंदूतलं डोपामिन जवळजवळ नष्ट केलेले उंदीर तपासले. समोर अन्न असूनही ते खायला जात नसत, उपाशी राहत. पण जिभेवर साखरेचं पाणी सोडलं की नेहमीसारखेच ओठ चाटत. गोडी शाबूत होती, ओढ गेली होती.

मग डोपामिन नेमकं करतं काय? इथे माझा सगळ्यात आवडता प्रयोग येतो. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मध्यमेंदूतल्या डोपामिन पेशींचे विद्युत ठोके मोजले. अचानक रसाचा थेंब मिळाला की ठोके वाढत. मग थेंबाआधी खुणेचा दिवा लावायला सुरुवात केली. काही दिवसांनी ठोके दिव्याला वाढू लागले आणि प्रत्यक्ष थेंबाला काहीच नाही! रस तोच, गोडीही तीच, पण आता तो ठरलेला होता. आणि दिवा लावून रस दिलाच नाही, तर तो यायच्या नेमक्या क्षणी ठोके नेहमीपेक्षाही खाली जात. म्हणजे पेशी मोजत होत्या ती मिळकत नव्हे, अंदाजातली चूक.

1997 साली शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी हे गणितात बसवलं. चूक = आता मिळालेलं + पुढे मिळेलसं वाटणारं − आधी धरून चाललेलं. मधल्या पदाला एकाहून लहान गुणक लावतात, कारण उद्याचा खाऊ आजच्याइतका गोड नसतो. चूक धन आली तर अपेक्षा वर सरकते, ऋण आली तर खाली, शून्य आली तर शिकण्यासारखं काही उरलं नाही. गंमत म्हणजे हेच सूत्र संगणकशास्त्रज्ञ रिचर्ड सटन आणि अँड्र्यू बार्टो यांनी 1980च्या दशकात यंत्रांना शिकवण्यासाठी मांडलं होतं. आणि हा हिशेब ठेवणाऱ्या पेशी किती? मेंदूतल्या सुमारे 8,600 कोटी चेतापेशींपैकी जेमतेम पाच-सहा लाख.

आकडेमोडीत अडकला असाल तर भुलाबाई आठवा, आपल्याकडचा मुलींचा गाण्यांचा सण. गाणी संपली की झाकलेला डबा वाजवून आतला खाऊ ओळखायचा. झाकण उघडण्याआधीचा तो अर्धा मिनिट! 2003 मध्ये शुल्ट्झ यांच्याच गटाला दिसलं की खूण आणि बक्षीस यांच्या मधल्या काळात काही पेशींचे ठोके हळूहळू चढत जातात, आणि ते सर्वाधिक चढतात बक्षिसाची शक्यता निम्मी-निम्मी असते तेव्हा. याचा अर्थ कसा लावायचा यावर संशोधकांत वाद आहेत. माझ्या मते मात्र आपल्या आज्या-पणज्यांना हे डब्यावरून ठाऊक होतं.

आता मावशीकडे या. आठवड्यातून तीन दिवस दवाखाना, दर वेळी नवा रिपोर्ट. अनिश्चितता तिथेही होतीच, पण फासा बहुतेक वेळा वाईटच पडायचा, आणि तो तिच्या हातात नव्हता. बैल शोधण्यातही अनिश्चितता होती, मात्र हरलं तर फार तर रिकाम्या हाताने घरी. हा माझा अंदाज आहे, मावशीच्या डोक्यात तार घालून कुणी मोजलेलं नाही. मला वाटतं, दिलासा बैलात कमी आणि शोधात जास्त होता. शोकेसमध्ये आलेल्या बैलांकडे ती फारशी पाहतही नसे.

मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याचंही असंच. जबड्याच्या कर्करोगाने सोळा वर्षं छळलं, तिसाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, आणि संग्रहात दोन हजारांवर प्राचीन वस्तू. 1931 मध्ये पंच्याहत्तरीनिमित्त कलकत्त्याच्या मानसविश्लेषकांनी पाठवलेली हस्तिदंती विष्णूमूर्ती त्याने टेबलावर ठेवली. तिचं तोंड कोणत्या दिशेला होतं, हे फॉरवर्डवाल्यांनी शोधावं.

याच यंत्रणेवर आता धंदाही चालतो. बंद खोक्यात बाहुली, आत कोणती ते फोडल्यावरच कळणार. बाहुली वाईट नसते, पण अंदाजातली चूक कधी शून्य होऊ नये अशीच मांडणी असते, आणि हप्ते भरून खोकी फोडणाऱ्याला ते सांगायला हवं.

असंच एक खोकं मी मुद्दाम मावशीकडे नेलं. तिने ते फोडलं नाही. कानाशी धरून दोनदा वाजवलं, डोळे मिटले आणि म्हणाली, “मुरमुरे नाहीत, एवढं पक्कं.”