शून्य बाइट दाखवणारा पेनड्राइव्ह

पेनड्राइव्ह लावला की संगणक आवाज देतो, ड्राइव्हचं अक्षरही दिसतं. पण उघडायला गेलं की 'डिस्क घाला' असा संदेश येतो. विंडोजच्या 'डिस्क मॅनेजमेंट' या खिडकीत क्षमतेच्या जागी 'नो मीडिया' लिहिलेलं असतं. बिननावाच्या स्वस्त पेनड्राइव्हचं हे नेहमीचं दुखणं. फॉरमॅट होत नाही म्हणून लोक तो फेकून देतात. खरं तर असे कित्येक पेनड्राइव्ह पुन्हा चालू होतात, फक्त फॉरमॅटने नाही. बिघाड फॉरमॅटच्या आवाक्याबाहेर, आणखी आत असतो.

आत मुख्यतः दोन चिप असतात. एक माहिती साठवणारी नँड फ्लॅश. तोशिबातल्या फुजिओ मासुओका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 मध्ये ती जगापुढे मांडली. विद्युतरोधक थराने वेढलेल्या सूक्ष्म कप्प्यात इलेक्ट्रॉन अडकवून ठेवायचे, हे तिचं तत्त्व. पुसायची वेळ आली की सुटा बाइट पुसता येत नाही, अख्खा ब्लॉक पुसावा लागतो, आणि दर वेळी तो रोधक थर थोडा झिजतो. एका कप्प्यात एकच बिट ठेवणारी चिप साधारण 1 लाख वेळा पुसता येते. तीन बिट कोंबणारी काही हजारांतच थकते. स्वस्त पेनड्राइव्हमध्ये बहुधा अशा कोंबलेल्या चिपच असतात.

दुसरी चिप म्हणजे कंट्रोलर. खराब ब्लॉक टाळणं, लेखनाची झीज सगळीकडे वाटून देणं आणि कोणती माहिती कुठल्या ब्लॉकमध्ये आहे याचा नकाशा सांभाळणं ही त्याची कामं. अडचण अशी की हा नकाशा आणि कंट्रोलरच्या फर्मवेअरचा, म्हणजे त्याला चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, मोठा भाग त्याच फ्लॅशमध्ये असतो. लेखन चालू असताना पेनड्राइव्ह उपसला, किंवा नेमका तोच ब्लॉक झिजला, की कंट्रोलर जागा होतो, पण आपल्यापाशी किती मेमरी आहे हे त्याला सांगता येत नाही. म्हणून शून्य.

दुरुस्ती करायची तर आधी कंट्रोलर ओळखावा लागतो. 'चिपजीनियस'सारखा प्रोग्रॅम ते सांगतो, तरी कवच उघडून चिपवरचा क्रमांक वाचणं अधिक भरवशाचं. फायसन, अल्कोर, सिलिकॉन मोशन, चिप्सबँक ही नेहमी भेटणारी नावं. मग त्याच कंट्रोलरला आणि फ्लॅशला जुळणारं कारखान्यातलं 'मास प्रॉडक्शन टूल' लागतं. ते फ्लॅश पुसतं, खराब ब्लॉकची नवी यादी करतं आणि फर्मवेअर पुन्हा भरतं. आवृत्ती चुकली तर काम अडतं. ही टूल्स बहुधा आडवाटेच्या संकेतस्थळांवरूनच मिळतात, त्यामुळे महत्त्वाचं काहीही नसलेल्या जुन्या संगणकावरच ती चालवा.

हे सगळं करण्याआधी एक गोष्ट ठरवा: पेनड्राइव्ह हवा आहे की आतली माहिती? या टूलने माहिती कायमची जाते. लग्नाचे फोटो किंवा प्रबंध आत असेल तर तिथेच थांबा. यूएसबीच्या तोंडाशी डाख तुटला असेल तर तो पुन्हा लावून काम भागू शकतं. पेनड्राइव्ह अडखळत का होईना वाचला जात असेल, तर 'डीडीरेस्क्यू' या प्रोग्रॅमने पूर्ण प्रत काढा आणि हरवलेल्या फायली शोधणारा 'फोटोरेक' त्या प्रतीवर चालवा. नाहीतर चिप सोडवून वाचणाऱ्या तज्ज्ञाकडे जावं लागतं. ते काम महाग, कारण बरेच कंट्रोलर माहिती विस्कटूनच साठवतात.

मास प्रॉडक्शन टूलचा गैरवापरही होतो, आणि तो मला फार संतापजनक वाटतो. 8 जीबीच्या चिपला '512 जीबी' म्हणून सांगायला लावता येतं. खरी जागा संपली की पुढच्या फायली हरवतात किंवा जुन्यांवर लिहिल्या जातात. मात्र फायलींच्या नावांची यादी सुरुवातीच्या भागात असल्याने नावं शाबूत दिसतात. खरेदीनंतर लगेच 'एचटूटेस्टडब्ल्यू' किंवा 'एफ3' हा क्षमता तपासणारा प्रोग्रॅम चालवला तर खोटेपणा उघडा पडतो. खरी क्षमता कळली की टूलने तेवढीच नोंदवून तो पेनड्राइव्ह वापरता येतो.

पेनड्राइव्ह अचानक 'राइट प्रोटेक्टेड' झाला, तर मात्र दुरुस्तीच्या फंदात पडू नका. खराब ब्लॉकच्या जागी वापरायचे राखीव ब्लॉक संपल्यावर अनेक कंट्रोलर स्वतःच लेखन बंद करतात. वाचन अजून चालू असतं. सगळं लगेच दुसरीकडे उतरवून घ्या आणि तो ई-कचऱ्यात द्या.

दुरुस्त झालेल्या पेनड्राइव्हची क्षमता थोडी घटलेली दिसेल, कारण खराब ब्लॉक वगळलेले असतात. त्याचीही एकदा पूर्ण लिहून-वाचून चाचणी घ्या. गाडीतली गाणी किंवा झेरॉक्सच्या दुकानात न्यायची पीडीएफ यासाठी तो उत्तम. एखाद्या फाइलची एकुलती एक प्रत मात्र त्यात नको.